एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर पाण्यातला व्यायाम: केव्हा उतरावे आणि काय टाळावे?

पाणकोंबडी

नमस्कार. पाच आठवड्यांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्याच्या एसीएलची (नडगी पुढे सरकू न देणाऱ्या, सांध्याच्या आतल्या अस्थिबंधाची) दुर्बिणीतून पुनर्रचना झाली. ग्राफ्ट, म्हणजे त्या जागी बसवलेली कंडरा, त्याच पायाच्या हॅमस्ट्रिंगमधून (मांडीच्या मागच्या स्नायूंतून) घेतला आहे. मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) शाबूत होता, त्यामुळे त्याला हात लावावा लागला नाही. त्वचेचे टाके चौदाव्या दिवशी काढले आणि दुर्बिणीची दोन्ही छिद्रे आता बुजली आहेत. मात्र नडगीच्या वरच्या टोकाशी, जिथून कंडरा काढली, त्या चिरेच्या खालच्या कोपऱ्यात मसुराएवढी खपली अजून टिकून आहे. गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतो, पण सरळ करताना शेवटचे तीन-चार अंश राहून जातात. संध्याकाळ झाली की वाटीच्या वरच्या भागात सूज जमते. चालताना मी तो पाय नकळत आखडून टाकते, हे परवा आरशात पाहिल्यावर लक्षात आले.

मला लहानपणापासून पोहता येते आणि हातपाय बसले आहेत ते ब्रेस्टस्ट्रोकवर. शल्यविशारदांनी 'जखम पूर्ण भरली की पाण्यात उतरायला हरकत नाही' एवढेच सांगितले. माझ्या फिजिओथेरपिस्टना जमिनीवरच्या व्यायामांचा दांडगा अनुभव आहे, परंतु पाण्यातला कार्यक्रम आपण कधी आखलेला नाही, असे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले. पाण्यात उतरणे म्हणजे कठडा धरून चालणे की पोहणे, या दोहोंत मोठा फरक असावा असे मला वाटते, पण तो नेमका कुठे आहे हे कळत नाही. पाण्यात वजन जाणवत नाही म्हणून सगळेच व्यायाम सुरक्षित समजावेत का? आणि सूज व अडलेले शेवटचे अंश यांसाठी पाण्याचा खरोखर उपयोग होतो का? ज्यांनी हे स्वतः केले आहे किंवा इतरांकडून करून घेतले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

सांधेजोड

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गुडघ्याच्या रुग्णांकडून पाण्यात व्यायाम करून घेणे हा माझ्या कामाचा बराच मोठा भाग आहे. आपला गुडघा मी तपासलेला नाही, त्यामुळे पुढचे सर्व काही आपल्या शल्यविशारदांना आणि फिजिओथेरपिस्टना दाखवून मगच अमलात आणावे.

सर्वांत आधी ती खपली. ती असेपर्यंत पाण्यात उतरू नये. खपलीखालची त्वचा बंद झाली आहे की नाही हे वरून कळत नाही, आणि पाण्यात वीस मिनिटे भिजल्यावर खपली मऊ होऊन निघते ती नेमकी अर्धवट भरलेल्या जागेवरून. गुडघ्याच्या आत नवा ग्राफ्ट असताना सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर तो पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेणारा प्रकार असतो. खपली आपोआप पडून खाली कोरडी, गुलाबी, अखंड त्वचा दिसली की दोन दिवस थांबून उतरावे. वॉटरप्रूफ ड्रेसिंग लावून लवकर सुरुवात करणारेही आहेत, पण आठवडाभर थांबून आपले काहीच अडणार नसताना हा धोका पत्करण्यात मला शहाणपण दिसत नाही. पोटरी एकाएकी दुखू लागली, गरम किंवा टणक लागली, तर पाण्याचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते.

आता मूळ प्रश्न. पाणी गुडघ्यासाठी तीन गोष्टी करते आणि त्यांतली तिसरी दुधारी आहे. पहिली म्हणजे तरंगबल. कमरेपर्यंतच्या पाण्यात स्थिर उभे राहिल्यास पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण निम्मा भार येतो, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंतच्या पाण्यात सुमारे ३० टक्के, आणि मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम १० टक्के. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या दोन्ही पायांवर मिळून छातीभर पाण्यात सुमारे १८ किलोच भार असतो. हे आकडे स्थिर उभे राहण्याचे आहेत; भरभर चालू लागले की भार वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा दाब. एक मीटर खोलीवर हा दाब पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर इतका असतो आणि वर येताना तो क्रमाने कमी होतो. घोट्याशी जास्त, मांडीशी कमी, अशा या दाबामुळे पायातला द्रव वर सरकायला मदत होते. आपल्या संध्याकाळच्या सुजेला याचा उपयोग होण्याची चांगली शक्यता आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा विरोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पाय दुप्पट वेगाने हलवला तर विरोध चौपट होतो. जमिनीवर आपण दोन किलोचे वजन पायाला बांधतो तेव्हा ते दोन किलो आहे हे आपल्याला ठाऊक असते. पाण्यात मात्र नुसत्या उत्साहाच्या भरात तोच व्यायाम चौपट जड होतो आणि गुडघा हलका वाटत असल्यामुळे ते त्या वेळी कळतही नाही. म्हणून वजन जाणवत नाही म्हणजे सुरक्षित, हे समीकरण चुकीचे आहे. ग्राफ्टवरचा ताण केवळ शरीराच्या वजनामुळे येत नाही. गुडघा सरळ होण्याच्या शेवटच्या साधारण ४० अंशांत मांडीचा पुढचा स्नायू नडगीचे हाड पुढे ओढतो, आणि पाऊल मोकळे असून नडगीच्या खालच्या टोकाशी विरोध असेल तर ही ओढ अधिक त्रासदायक ठरते. फ्रीस्टाइलमध्ये पाय जोरात मारताना नेमके हेच घडते. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ तर गुडघा वाकलेला, नडगी बाहेरच्या बाजूला वळलेली आणि त्या स्थितीत आतल्या बाजूवर जोर, अशी असते. निरोगी गुडघ्याच्या जलतरणपटूंनाही या लाथेमुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणे जडते. म्हणून आपले हातपाय जिथे बसले आहेत, तेच आपल्याला सर्वांत शेवटी करायचे आहे. सरळ पायांची हलकी लाथ मी बाराव्या आठवड्याच्या आसपास, शल्यविशारदांची संमती असल्यास सुरू करतो. ब्रेस्टस्ट्रोकचा विचार सहा महिन्यांच्या आत करत नाही.

यात वेळापत्रकाचा एक चकवा आहे. बसवलेला ग्राफ्ट सुरुवातीला रक्तपुरवठा नसलेली कंडरा असते. शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी भरते आणि हळूहळू तिचे लिगामेंट (अस्थिबंध) बनवते. या बदलाच्या काळात, ढोबळमानाने सहाव्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यान, ती सर्वांत कमकुवत असते. आणि नेमक्या त्याच काळात दुखणे ओसरलेले असते, चाल सुधारलेली असते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटू लागते. आपण या टप्प्याच्या उंबरठ्यावर आहात.

मग करायचे काय, तर चालायचे. छातीभर पाण्यात, कठड्याजवळून, आधी टाच, मग तळवा, मग चवडा असे मोजून टाकलेले पाऊल. आपण पाय आखडता तो बहुधा वजन घेण्याच्या धास्तीने. भार तिसऱ्या हिश्शावर आला की ती धास्ती बरीच कमी होते आणि चालीची मोडलेली लय पुन्हा बसवता येते. त्यानंतर उलटे चालावे. मागे जाताना चवडा आधी टेकतो, मग टाच खाली येते आणि ती पूर्ण टेकताना गुडघा मागे सरळ होत जातो. अडलेल्या तीन-चार अंशांसाठी पाण्यातला हा माझा सर्वांत आवडता व्यायाम आहे. याशिवाय कठडा धरून ४५ अंशांपर्यंत अर्धे बसणे, गुडघा सरळ ठेवून पाय बाजूला व मागे सावकाश नेणे, आणि पुढे एका पायावर तोल सांभाळणे. पहिल्या दिवशी दहा-बारा मिनिटे पुरेत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना: मेनिस्कसला टाके घातले असतील, तर वजन घेण्यावर आणि ९० अंशांपलीकडे वाकवण्यावर काही आठवडे बंधने असतात आणि ती पाण्यातही लागू होतात. पीसीएलची (एसीएलच्या मागे असलेल्या दुसऱ्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया असेल तर धोक्याचे स्नायू आणि दिशाच बदलतात, तेव्हा वरील कार्यक्रम तसाच उचलू नये.

तिसरी_पायरी

सांधेजोड यांनी सगळे उत्तम सांगितले आहे, पण एक गोष्ट राहिली आणि माझे नुकसान तिनेच केले, म्हणून लिहितो. ती म्हणजे पाण्यातून बाहेर येणे.

माझी शस्त्रक्रिया होऊन नऊ आठवडे झाले होते. पाण्यात मी चाळीस मिनिटे घालवली, कारण काहीच दुखत नव्हते आणि इतक्या दिवसांनी शरीर स्वतःचे वाटत होते. त्या तलावाला उतरायला पायऱ्या नव्हत्या, भिंतीला लावलेली सरळ उभी लोखंडी शिडी होती. पहिल्या दोन पायऱ्या पाण्यातच असल्यामुळे सहज चढलो. तिसरीवर कंबर पाण्याबाहेर आली आणि गेली चाळीस मिनिटे पाण्याने उचलून धरलेले सगळे वजन एकदम परत अंगावर आले. त्याच पायरीवर शस्त्रक्रिया झालेला पाय पुढे होता. मांडी थरथरली, गुडघा पुढे निसटला आणि मी दांडीला लटकत पुन्हा पाण्यात आलो. ग्राफ्टला काही झाले नव्हते, हे नंतर तपासणीत कळले. पण गुडघा कलिंगडासारखा सुजला आणि दोन आठवडे मागे गेलो.

त्यामुळे माझ्या मते तलाव निवडताना पाणी किती स्वच्छ आणि किती खोल याच्या जोडीने बाहेर कसे यायचे हेही पाहावे. रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. बाहेर येण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहावे, म्हणजे वजन टप्प्याटप्प्याने परत येते. कुबडी काठावर हाताला येईल अशी ठेवावी आणि तिचे खालचे रबर पुसून घ्यावे. ओल्या फरशीवर ओले रबर साबणासारखे घसरते. काठावरची ती दहा पावले हाच संपूर्ण व्यायामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे, असे मी आता समजतो.

आणखी एक सवय उपयोगी पडली. वाटीच्या मध्यावर पेनाने बारीक खूण करून टेपने घेर मोजायचा: पाण्यात जाण्यापूर्वी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. एक सेंटिमीटरहून अधिक वाढ दिसली तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करायचा. पाण्यात असताना गुडघा खरे बोलत नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी बोलतो.

कोरडवाहू

मी थोडा विरोधी सूर लावतो. माझ्या दोन्ही गुडघ्यांची एसीएल शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वर्षी झाली. एकदा मी पाण्यात बराच वेळ घालवला आणि एकदा अजिबात नाही. दुसऱ्या वेळी माझे स्नायू लवकर परतले. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे हे मान्य आहे, पण उपलब्ध संशोधनही पाण्याला चमत्कार ठरवत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसीएल पुनर्रचनेच्या २० रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला पाण्यात आणि दुसऱ्याला जमिनीवर व्यायाम दिला होता. आठ आठवड्यांनंतर पाण्यातल्या गटाच्या गुडघ्यात पाणी कमी साचले होते आणि रुग्णांनी स्वतः सांगितलेली गुडघ्याची स्थितीही अधिक चांगली होती. परंतु हॅमस्ट्रिंगची ताकद जमिनीवरच्या गटात जास्त भरली. आपला ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचाच आहे, म्हणजे जो स्नायू आधीच कापला गेला आहे, त्याच्याच बाबतीत पाणी कमी पडते.

मला भीती वाटते ती याची, की पाण्यातला व्यायाम सुखाचा असतो आणि जमिनीवरचा कंटाळवाणा. दिवसाला एक तास हातात असेल आणि त्यातला तलावाला जाणे, कपडे बदलणे, परत येणे यातच अर्धा गेला, तर मांडीचा स्नायू आवळून धरणे, पाय सरळ उचलणे, टाचेखाली उशी ठेवून गुडघा सोडून देणे, ही रोजची किचकट कामे कोण करणार? खेळाकडे परतायचे असेल तर शेवटी दोन्ही पायांची ताकद मोजली जाते, आणि शस्त्रक्रियेच्या पायाने दुसऱ्याच्या किमान ९० टक्के ताकद दाखवावी अशी अपेक्षा असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात तर नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका प्रत्येक महिन्यागणिक जवळजवळ निम्म्याने घटत गेल्याचे आढळले. पाण्याने हे कॅलेंडर पुढे सरकत नाही.

सांधेजोड

कोरडवाहू यांचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे. ताकद जमिनीवरच कमवावी लागते, आणि पाण्यामुळे जमिनीवरचा व्यायाम सुटत असेल तर पाणी सोडावे. मात्र त्यांनी सांगितलेल्या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग मी इतक्या सहज बाजूला सारणार नाही. गुडघ्यात द्रव साचला की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञाच दबली जाते. रुग्ण मन लावून स्नायू आवळतो, पण स्नायू पुरता जागा होत नाही. सूज उतरली तर तोच किचकट व्यायाम जास्त फळ देतो. म्हणून मी पाण्याकडे पूरक म्हणून पाहतो: आठवड्यातून दोन-तीन वेळा पाणी, आणि जमिनीवरचे व्यायाम रोज. ज्यांचा पाय सुजलेला नाही, पूर्ण सरळ होतो आणि चाल बिनचूक आहे, त्यांना मी तलावाकडे पाठवतही नाही.

तिसरी_पायरी यांनी शिडीचे सांगितले ते फार बरे झाले. शिडीच्या तलावावर मी सहाव्या-सातव्या आठवड्यात कोणालाच नेत नाही.

पाणकोंबडी

सर्वांचे मनापासून आभार. खपलीबाबतचा सल्ला मानला आणि थांबले. जवळपास दोन तलाव आहेत. एकाला रुंद पायऱ्या आहेत, पण पाणी २७ अंशांचे आहे. दुसऱ्यात ते बरेच उबदार आहे, परंतु शिडी उभी आहे. यांतला कोणता निवडावा? शिवाय तिथे घोट्याला बांधायचे फोमचे फ्लोट मिळतात. 'याने गुडघ्याला आधार मिळतो' असे तिथल्या एकांनी सांगितले. ते वापरावेत का? आणि पाण्यात ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) घालून उतरायचे असते का?

सांधेजोड

पायऱ्यांचा तलाव निवडावा. उपचारासाठी ३३ ते ३५ अंशांचे पाणी आदर्श मानले जाते, कारण त्यात स्नायू सैल पडतात. २७ अंशांत उभ्या उभ्या सावकाश व्यायाम करताना थंडी वाजू शकते आणि काकडलेला माणूस नकळत पाय आखडतो, म्हणजे जी सवय मोडायची तीच पुन्हा लागते. त्यावर उपाय म्हणजे वेळ कमी ठेवणे, आधी काठावर बसून दुसऱ्या पायाची आणि हातांची हालचाल करून अंग गरम करणे, आणि पाण्यात एका जागी फार वेळ उभे न राहणे. थंडी टाळता येते, शिडी टाळता येत नाही.

फ्लोटचे गणित मात्र उलटे आहे. जमिनीवर वजन पाय खाली ओढते. पाण्यात फ्लोट पाय वर ओढतो. उभे राहून घोट्याला फ्लोट बांधला की टाच आपोआप मागे वर येते आणि ती खाली ढकलून गुडघा सरळ करण्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू राबतो. तोच फ्लोट बाकावर बसून बांधला तर नडगी आपोआप वर उचलली जाते आणि ती खाली खेचण्याचे काम हॅमस्ट्रिंगला करावे लागते. आपल्या हॅमस्ट्रिंगमधून कंडरा काढून सहाच आठवडे होत आहेत, त्यामुळे बसून करायचा हा प्रकार आपल्यासाठी सध्या वर्ज्य आहे, जरी तो तिथे सर्रास करून घेतला जात असला तरी. उभ्याने करायचा प्रकारही मी आणखी काही आठवडे थांबवेन. 'आधार' हा शब्द त्यांनी चांगल्या हेतूने वापरला असेल, पण फ्लोट हे पाण्यातले वजन आहे.

ब्रेसचा निर्णय शल्यविशारदांचा. त्यांनी चालताना ब्रेस सांगितला असेल, तर काठापर्यंत तो घालूनच जावे आणि पाण्यात काढण्याबद्दल त्यांना स्पष्ट विचारावे. बहुतेक ब्रेसचे आतले अस्तर भिजले की त्वचा सोलते.

पाणकोंबडी

कळवायचे राहिले होते. खपली सहाव्या आठवड्यात पडली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी उतरले. ब्रेस चौथ्या आठवड्यातच काढला होता, त्यामुळे तो प्रश्न शल्यविशारदांनी एका वाक्यात संपवला. पहिल्या दिवशी बारा मिनिटे, सगळा वेळ चालणेच. पुढे चालताना सुरुवातीला पाय पूर्वीसारखाच आखडत होता. उलटे चालायला लागल्यावर सहाव्या-सातव्या पावलाला टाच खाली टेकली आणि गुडघ्यामागची शीर ताणल्यासारखी वाटली, दुखली मात्र नाही. बाहेर येण्यापूर्वी कमरेएवढ्या पाण्यात तीन मिनिटे थांबले. तरीही शेवटच्या पायरीवर मांडी जड झाली, तेव्हा तिसरी_पायरी यांची आठवण झाली. घेर आधी ३८.५ होता, दुसऱ्या दिवशी सकाळी ३८.३. हाच वेळ पुढच्या खेपेला वाढवावा का?

सांधेजोड

वाढवावा, पण लगेच पंधरा मिनिटांवर नेऊ नये असे मला वाटते. दोन खेपा बाराच ठेवून मोजमाप पाहावे. एका सकाळच्या दोन मिलिमीटरवर मी विसंबत नाही, टेप तेवढी इकडेतिकडे होतेच. त्याऐवजी उलट्या चालण्याची पावले वाढवावीत, आणि बाहेर आल्यावर टाचेखाली उशी ठेवून दहा मिनिटे गुडघा सोडून द्यावा, कारण पाण्याने सैल झालेला पाय सरळ करण्याची ती सर्वांत चांगली वेळ असते.

तिसरी_पायरी

आणि टेप रोज एकाच व्यक्तीने लावावी. माझ्याकडे दोघे मोजत होते, तेव्हा गुडघा रोज सुजत आणि उतरत असे.